चरित्रपटातील बंदुकांची ओळख (१८५७चा काळ)

मंगल पांडे, झाशीची राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे अशा १८५७च्या माणसांवरच्या चरित्रपटात जी बंदूक दिसते ती नेमकी कुठली आणि त्या साली ती त्या माणसाच्या हातात असू शकत होती का, हे ठरवायची पद्धत. सगळ्यात आधी बघायचं ते लॉक, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, कारण दस्ता, नळी, पट्टा यांची नक्कल सहज होते, लॉकची तेवढी होत नाही.

तोड्याच्या बंदुकीत घोड्याच्या (चाप ओढल्यावर पुढे झुकणाऱ्या दांडीच्या) तोंडात जळती वात असते, चाप ओढला की ती रंजकीवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर टेकते. देशी तोडेदार बंदुकीचा घोडा दस्त्याच्या खाचेतूनच वर येतो, बाजूला मोठी लॉकची पट्टी नसते. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते, त्यामुळे धूर दोनदा दिसतो, आधी लॉकपाशी आणि मग नळीच्या तोंडाशी. टोपीच्या बंदुकीत निपलवर, म्हणजे लॉकपाशी असलेल्या पोकळ बोंडावर, तांब्याची छोटी टोपी बसते, त्यामागचं तत्त्व फोर्सिथने १८०७ला पेटंट केलं, पण ब्रिटिश पायदळात ते यायला १८३९ आणि १८४२चे पॅटर्न (सैन्याने ठरवलेले नमुने) उजाडावे लागले. १८५७ला हे तिन्ही प्रकार एकाच वेळी वापरात होते, संस्थानी फौजांत आणि गावोगावच्या लोकांकडे तर तोडेदार भरपूर.

वाद आहे तो बराकपूरच्या बंदुकीचा. २९ मार्च १८५७ला मंगल पांडेने लेफ्टनंट बॉ याच्यावर गोळी झाडली, ती बॉच्या घोड्याला लागली, नंतर त्याने नळी स्वतःच्या अंगाला लावून पायाच्या बोटाने चाप दाबला, हे सगळे मान्य करतात. पण ती बंदूक एनफिल्ड, म्हणजे नळीत आटे (पीळदार खाचा) असलेली नवी रायफल, होती असं लोकप्रिय लेखनात आणि पडद्यावर धरून चालतात, कारण काडतुसांचा सगळा गदारोळ एनफिल्डचा. अडचण अशी की एनफिल्डचं शिक्षण तेव्हा डमडम, अंबाला आणि सियालकोट या तीन डेपोत चालू होतं, तिथे पलटणींमधून निवडक तुकड्या पाठवत, आख्ख्या पलटणींना ती अजून वाटलेली नव्हती. फेब्रुवारीच्या शेवटी बहरामपूरला १९व्या पलटणीने जी काडतुसं नाकारली तीसुद्धा जुन्या मस्केटची, म्हणजे आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची होती, काडतुसाच्या कागदाला चरबी लावल्याचा संशय आला होता. त्यामुळे ३४व्या पलटणीतल्या पांडेच्या हातात टोपीची, गुळगुळीत नळीची मस्केट असावी हे मत जास्त पटण्यासारखं आहे, आणि समकालीन नोंदींत ‘मस्केट’ असंच येतं, अर्थात तेव्हा हा शब्द सैल वापरत त्यामुळे नुसत्या शब्दावर निकाल देऊ नये.

१८५३ पॅटर्नची एनफिल्ड ओळखायला सोपी. नळी ३९ इंच, आतून तीन आटे, बोअर (नळीचा आतला व्यास) .५७७ इंच, आणि नळी दस्त्याला तीन लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली. ब्राउन बेसला, म्हणजे ब्रिटिशांच्या जुन्या चकमकीच्या मस्केटला, पट्टे नसतात, नळी पिनांनी बसवलेली असते आणि बाकी सामान पितळी. तिच्या जुन्या लाँग लँड पॅटर्नची नळी ४६ इंच, शॉर्ट लँडची ४२, आणि कंपनीच्या मागणीतून आलेल्या इंडिया पॅटर्नची ३९. आजच्या प्रतिकृती बऱ्याचदा शॉर्ट लँडच्या असतात, म्हणजे शिपायाच्या हातात दिसणारी ब्राउन बेस तीन इंच लांब निघते. आणखी एक घोळ, उठावानंतर देशी पलटणींना मुद्दाम १८५८-५९ पॅटर्नच्या .६५६ बोअरच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या, त्या लांबून हुबेहूब एनफिल्ड दिसतात, पण मागची माशी (नेम धरायची खूण) साधी असते, उंच करायची शिडी नसते. कुठल्याही जुन्या तीन पट्ट्यांच्या बंदुकीला ‘१८५७ची एनफिल्ड’ म्हणण्याआधी हे बघायलाच हवं.

शूटिंगसाठी पुष्कळदा स्नायडर वापरतात. ती मूळची एनफिल्डच, १८६६पासून मागे बाजूला उघडणारं झाकण बसवून ब्रीचलोडर, म्हणजे मागून भरायची, केलेली. लाँग शॉटमध्ये चालून जाते, क्लोजअपमध्ये झाकणाचा ठोकळा दिसला की पकडली जाते. मार्टिनी-हेन्री (१८७१) दस्त्याखालच्या लिव्हरवरून कळते, आणि बोल्ट ओढणारी ली-एनफिल्ड (१८९५) म्हणजे जवळपास चाळीस वर्षांची चूक. शिपाई गज (नळीत बार ठासायची काठी) न वापरता लागोपाठ बार काढतो किंवा काळ्या दारूचा दाट पांढरा धूर दिसत नाही, तेव्हा बंदूक बरोबर असली तरी प्रसंग चुकलेला असतो.

रिव्हॉल्वरबद्दल थोडक्यात. इंग्रज अधिकाऱ्याकडे १८५१चा कोल्ट नेव्ही किंवा अॅडम्स, ब्यूमाँट-अॅडम्स चालेल. मधोमध मोडून उघडणारा वेब्ली सर्व्हिस रिव्हॉल्वर १८८७चा, तो इथे चालणार नाही.