सीपीएल आणि एनडी: दोन्ही काचा काळपटच, मग फरक कुठे?

सीपीएल आणि एनडी हे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावायचे दोन फिल्टर. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा. दोन्ही गोल, दोन्हींच्या कडेला आटे, दोन्ही काचा करड्या-काळपट. कडेवरची अक्षरं पुसली गेली असतील, तर सीपीएल कुठला आणि एनडी कुठला हे नुसतं बघून सांगणं अवघड. अशा वेळी साधा कॅल्क्युलेटर कामाला येतो. आट्याची बाजू डोळ्याकडे ठेवून फिल्टरमधून त्याच्या पडद्याकडे बघा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. अर्धा वळसा होईपर्यंत पडदा एकदा तरी काळाकुट्ट झाला, तर तो सीपीएल. कितीही फिरवला तरी अंधार तेवढाच राहिला, तर एनडी. फिल्टर उलटा धरलात, म्हणजे आट्याची बाजू पडद्याकडे गेली, तर सीपीएलमधूनही पडदा पुरता काळा होत नाही, फार तर रंगाची छटा बदलते.

या चाचणीतच दोघांमधला फरक दिसतो. एनडी, म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी, येणारा सगळा प्रकाश सरसकट कमी करतो. आकाश, कातळ, पाणी, सगळ्यांना एकच माप. सीपीएल, म्हणजे सर्क्युलर पोलरायझर, मात्र ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश तेवढा अडवतो. ओल्या पानावरची चकाकी, पाण्यावरचं प्रतिबिंब आणि निळ्या आकाशाचा काही भाग यांतून येणारा प्रकाश बराचसा असा एकदिशीय असतो. फिल्टर फिरवला की तो कापला जातो आणि खालचा खरा रंग वर येतो. या कामात एक ते दोन स्टॉप प्रकाशही जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). पण तो द्यावा लागणारा मोबदला आहे, सीपीएल लावण्याचं कारण नव्हे. गोंधळ होतो तो इथेच.

सीपीएल कुठे चालेल हे सूर्य कुठे आहे त्यावर ठरतं. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा आकाशात जिथे जिथे जाईल, तिथे परिणाम सर्वांत जास्त. अजिंक्यताऱ्यावरून सकाळी उत्तरेला, म्हणजे खाली पसरलेल्या सातारा शहराकडे बघताना सूर्य उजव्या हाताला असतो. पाऊस सरल्यावरच्या कोरड्या धुरकटपणातून लांबचे डोंगर सीपीएल तेव्हा चांगले मोकळे करतो. त्याच वेळी पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलात, तर फिल्टर कितीही फिरवा, आकाशात जवळपास काहीच होत नाही.

आणि धुकं? ते सीपीएलने हटत नाही. धुरकटपणा हवेतल्या अगदी बारीक कणांचा असतो, धुक्यात त्या मानाने मोठे पाण्याचे थेंब असतात. त्यांच्यातून येणाऱ्या पांढऱ्या उजेडाला अशी ठरलेली दिशा राहत नाही. पठारावर ढग उतरलेले असताना सीपीएल लांबच्या दऱ्यांसाठी लावला असेल तर तो काढून ठेवा, उगाच प्रकाश खातो. पायाजवळची ओली पानं टिपायची असतील तर मात्र राहू द्या. ढगाळ उजेडातही सोनकीच्या आणि तेरड्याच्या पानांवर आभाळाचं पांढुरकं प्रतिबिंब असतं. ते निघालं की हिरवा रंग गडद होतो. कास पठारावरच्या फुलांचे फोटो फिकट येतात, त्यामागे बऱ्याचदा हीच पांढरी चकाकी असते.

पाण्यावरचं प्रतिबिंब सगळीकडे सारखं जात नाही. पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून बघितलं, तर ते जवळपास पूर्ण कापता येतं. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल, तर तो पट्टा साधारण दोन मीटर पुढे येतो. कातळावर साठलेल्या उथळ पाण्याचा तळ दाखवायला हे अंतर नेमकं. समोरच्या किनाऱ्याजवळचं पाणी मात्र चमकतच राहतं, त्यात फिल्टरचा दोष नाही. बामणोलीला कोयनेच्या जलाशयात डोंगराची उलटी प्रतिमा हवी असेल, तर प्रतिबिंब सर्वांत ठळक दिसेपर्यंत सीपीएल फिरवा किंवा काढा. धातूवरची चकाकी मात्र तो काढू शकत नाही.

सीपीएलच्या नेहमीच्या चुका तीन. कॅमेरा आडव्याचा उभा केला की फिल्टरही पाव वळसा फिरतो, तो पुन्हा जुळवायचा राहून जातो. २४ मिलिमीटरपेक्षा (फुल फ्रेमवर, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) रुंद लेन्सवर निळ्या आकाशात मधोमध गडद पट्टा येतो, आणि पॅनोरमात तर जोड लपतच नाहीत. तिसरी चूक म्हणजे दर वेळी अगदी शेवटपर्यंत फिरवणं. आकाश शाईसारखं काळंनिळं झालं की थोडा मागे घ्या.

एनडी हा वेळ विकत घेण्याचा फिल्टर: प्रकाश कमी झाला की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. एनडी८ म्हणजे ३ स्टॉप, एनडी६४ म्हणजे ६, एनडी१००० म्हणजे १०. काही कंपन्या हेच ०.९, १.८ आणि ३.० असं लिहितात. ३.० बघून तीन स्टॉपचा समजून घेतला की फसलात. हिशेब सोपा आहे: एनडीपुढचा आकडा शटरच्या वेळेला गुणायचा. ठोसेघरला ढगाळ दिवशी आयएसओ १००, एफ/११ वर शटर १/१५ सेकंद मिळाला असं धरू. एनडी८ लावला की तो अर्धा सेकंद होतो, एनडी६४ ने चार सेकंद, एनडी१००० ने मिनिटापेक्षा थोडा जास्त. अर्ध्या सेकंदात पाण्याच्या धारा रेशमासारख्या होतात, तरी सुट्या दिसतात. मिनिटभरात धबधब्याचा पांढरा पडदा होतो आणि त्यात पाणी असं उरत नाही. दहा स्टॉपचा फिल्टर धबधब्यापेक्षा पठारावरून धावणाऱ्या ढगांना बरा. चाळकेवाडीला हेही ध्यानात ठेवा की अर्ध्या मिनिटात पवनचक्कीची फिरती पाती जवळजवळ नाहीशी होतात आणि मागे नुसते खांब उरतात.

क्रम असा ठेवा. ट्रायपॉड रोवा, चौकट ठरवा, फिल्टर न लावता फोकस करा आणि मग मॅन्युअल फोकसवर जा, कारण दहा स्टॉपच्या काचेतून ऑटोफोकस चाचपडत राहतो. शटरची वेळ मोजा, गुणाकार करा, तीस सेकंदांच्या वर गेली तर बल्ब मोड, म्हणजे हवा तितका वेळ शटर उघडं ठेवायची सोय. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, नाहीतर मागून शिरलेला उजेड फोटोत पट्टे उमटवतो. दोन सेकंदांचा टायमर लावा. डोंगराच्या धारेवर वारा असतोच, तेव्हा ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका. बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकू द्या, झुलती बॅग स्वतःच ट्रायपॉड हलवते. वाऱ्यात गवत पुसट होणार हे धरूनच चाला. फिल्टरशिवाय एक झटपट फ्रेम काढून ठेवली की नंतर जोडता येते. स्वस्त आणि गडद एनडी बऱ्याचदा तपकिरी किंवा जांभळट झाक देतात, म्हणून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा.

फिरणारी कडी दिसली की सीपीएल, असंही समजू नका. व्हेरिएबल एनडीलाही कडी असते, कारण आत एकापुढे एक असे दोन पोलरायझर असतात. रुंद लेन्सवर तो शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की फोटोभर काळी फुली उमटते. व्हिडिओला सोयीचा, डोंगरातल्या निसर्गचित्रांना साधा एनडीच बरा.

एकच घ्यायचा असेल तर सीपीएल. एनडीचा परिणाम ट्रायपॉडवरून ओळीने काढलेल्या वीस-तीस फ्रेम एकत्र करून बऱ्यापैकी साधता येतो. पानावरच्या चकाकीखाली गेलेला रंग मात्र संगणकावर परत आणता येत नाही. शिवाय वरच्याच ठोसेघरच्या उदाहरणात दीड स्टॉप खाणारा सीपीएल शटर १/५ सेकंदाच्या आसपास नेतो, धबधब्याला तेवढं बहुधा पुरतं.

दोन्ही एकत्र लावायचे तर आधी एनडी आणि बाहेरून सीपीएल, म्हणजे तो फिरवता येईल. रुंद लेन्सवर कोपरे काळे पडतायत का ते बघून घ्या. दोन फिल्टर एकमेकांत अडकले तर चिमटीत दाबून फिरवू नका, दाबाने कडी लंबगोल होते आणि आटे जास्तच आवळतात. प्रत्येक कडीभोवती एकेक जाड रबरबँड गुंडाळा, चारही बाजूंनी सारखं धरा आणि न दाबता सोडवा.