कूर्चेसाठी हायड्रोजेल निवडताना

आम्ही कूर्चेच्या (सांध्यातल्या मऊ हाडाच्या) संशोधनासाठी हायड्रोजेल, म्हणजे पेशी आत ठेवून वाढवायचं पाणीदार जेल, विकतो. फोन आला की पहिला प्रश्न बहुधा किमतीचा असतो, दुसरा जेलच्या कडकपणाचा. आमची विनंती अशी की, त्याआधी दोन गोष्टी ठरवा: पेशी कोणत्या वापरणार आणि प्रयोगाच्या शेवटी काय मोजणार. जेल त्यावरून ठरतं.

सांध्यातून काढलेल्या कूर्चापेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये काही पॅसेज (एका डिशमधून नव्या डिशमध्ये पसरवण्याच्या फेऱ्या) वाढवल्या की लांबट होतात आणि कूर्चेतल्या टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजेन हे प्रथिन बनवू लागतात. त्यांना पुन्हा गोल राहायला जागा मिळाली की मूळ स्वभाव बऱ्याच अंशी परत येतो. बेन्या आणि शॅफर यांनी १९८२ साली सशाच्या पेशी अ‍ॅगरोजमध्ये ठेवून हे दाखवलं. म्हणून अशा पेशींसाठी आम्ही आधी अ‍ॅगरोज किंवा अल्जिनेट (दोन्ही समुद्री शैवालातून मिळणारी जेल) सुचवतो. दोन्हींना पेशी चिकटत नाहीत, आणि इथे तेच हवं असतं.

अ‍ॅगरोज घेतलंत तर कमी तापमानाला गोठणारंच घ्या. साधारण २ टक्के द्रावण वितळवून ३७ अंशांच्या आसपास आणलं तरी ते पातळ राहतं, त्यामुळे पेशी न भाजता मिसळता येतात. मात्र त्यातून जिवंत पेशी परत काढणं अवघड. पेशी परत हव्या असतील तर अल्जिनेट बरं: कॅल्शियमने गोठतं, सायट्रेटने सुटतं.

अल्जिनेट वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. मणी (पेशी असलेले जेलचे छोटे गोळे) धुवायला सवयीने पीबीएस, म्हणजे फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण, घेतलं जातं. त्यातला फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतो आणि मणी मऊ पडतात. धुण्यासाठी ०.९ टक्के सलाइन वापरा. त्याहून मोठी अडचण मोजणीत येते. ग्लायकोसॅमिनोग्लायकॅन (कूर्चापेशी बनवतात ती साखरेची लांब साखळी) मोजायचा डीएमएमबी रंग नेहमीच्या, ३ च्या आसपासच्या पीएचला अल्जिनेटलाही चिकटतो, आणि पेशींनी न बनवलेलं द्रव्य आकड्यांत दिसू लागतं. रंगाचा पीएच १.५ पर्यंत उतरवा आणि पेशी नसलेलं जेल तितकेच दिवस त्याच मीडियममध्ये (पोषक द्रवात) ठेवून सोबत मोजा. हा कंट्रोल (तुलनेचा नमुना) वगळू नका. हायलुरोनिक आम्लाच्या जेललाही तो लागतो.

अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपासून कूर्चा घडवायची असेल तर गणित बदलतं. टीजीएफ-बीटा ३ हा वाढघटक (बहुतेक ठिकाणी मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम), डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि अ‍ॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व) असलेल्या मीडियममध्ये तीन-चार आठवडे जातात, म्हणून तितके दिवस टिकणारं जेल हवं. फायब्रिन (रक्ताच्या गुठळीतलं प्रथिन) पेशींना आवडतं, पण लवकर विरघळतं. म्हणून अ‍ॅप्रोटिनिनसारखा, विघटन थांबवणारा रोधक घालावा लागतो. कोलॅजेन जेलला पेशी आत ओढून आकसवतात, तेव्हा मापाची चकती हवी असल्यास ते टाळा. मेथॅक्रिलेटेड जिलेटिन प्रकाशाने गोठतं, आकार छान धरतं. एलएपी या प्रकाशाने गोठण सुरू करणाऱ्या रसायनासोबत ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश पुरतो, त्यामुळे अतिनील किरण टाळता येतात. या जिलेटिनच्या प्रत्येक बॅचचा कडकपणा आधी पेशींशिवाय तपासा.

जेल कुठलंही असो, चकती फार जाड करू नका. मिलिलिटरला कोटी-दोन कोटी पेशी असतील तर मध्यापर्यंत पोषण पोचत नाही आणि आतल्या पेशी मरतात. १ ते २ मिलिमीटर जाडी बहुतेकांना पुरते.

आमची जेल फक्त संशोधनासाठी आहेत, रुग्णात घालण्यासाठी नाहीत. रुग्णाकडून घेतलेल्या ऊतीवर काम करणार असाल तर संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती हाती असू द्या. मूलपेशी असतील तर २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेची मूलपेशी संशोधन समितीही लागते.

ऑर्डरसोबत पेशींचा प्रकार, पॅसेज, कल्चरचे दिवस आणि शेवटच्या चाचण्या लिहून पाठवा. एखादं जेल तुमच्या चाचणीत अडथळा आणणार असेल तर पैसे घेण्याआधीच तसं कळवू.