स्ट्रिंग ट्री (गिटारच्या हेडस्टॉकवरचा तारदाब)

स्ट्रिंग ट्री म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या हेडस्टॉकवर (दांड्याच्या टोकाचं डोकं), नट (तारा जिच्या खाचांतून जातात ती छोटी आडवी पट्टी) आणि ट्यूनिंग पेग (तारा ताणायच्या खुंट्या) यांच्या मध्ये एका स्क्रूने बसवलेला छोटासा धातूचा तुकडा. नावात ट्री असलं तरी झाडाशी त्याचं दिसण्यात काही साम्य नाही. दोन तारा त्याच्याखालून जातात आणि तो त्यांना लाकडाकडे दाबून धरतो, काम एवढंच.

याची गरज पडते ती सपाट हेडस्टॉकमुळे. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या गिटारींचं डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे नट ओलांडला की तार आपोआप खाली वळते आणि खाचेत घट्ट बसते. फेंडर कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर याने मात्र नेक (गिटारची मान) आणि हेडस्टॉक एकाच सपाट फळीतून कापला, लाकूड कमी वाया जातं आणि पडल्यावर मान मोडायची भीतीही कमी. पण सहाही पेग एकाच रांगेत, सहावी (सगळ्यात जाड) तार नटाच्या सगळ्यात जवळ आणि पहिली (सगळ्यात बारीक) सगळ्यात लांब, त्यामुळे बारीक तारा जवळजवळ सरळच जातात, खाचेत नीट बसत नाहीत आणि मोकळी तार छेडली की झणझणतात किंवा जोरात वाजवताना खाचेतून उडतात. म्हणून फेंडरच्या 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर पहिल्या दोन तारांसाठी एक गोल बटणासारखा ट्री होता, पुढे त्याजागी पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी पत्र्याची क्लिप आली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिसऱ्या-चौथ्या तारेसाठी दुसरा ट्रीही बसवला जाऊ लागला.

जागा ठरवताना लोक हमखास गडबड करतात. समजा नटापासून 60 मिमीवर ट्रीने तार 6 मिमी खाली दाबली, तर नटापाशी तार खाली वळते तो कोन साधारण पावणेसहा अंश होतो, तोच ट्री तेवढाच दाब ठेवून 40 मिमीवर आणला की साडेआठ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे नटाजवळ सरकवला की कोन वाढतो, आणि कोनाबरोबर घर्षणही. मग ट्रेमोलोचा दांडा (तारा ढिल्या-ताठ करून सूर हलवायची कळ) दाबून सोडला की तार ट्रीखाली किंवा नटात अडकते, सुरावर परत येत नाही, पेग फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येतो, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. माझं मत विचाराल तर झणझण थांबेल इतकाच दाब द्यावा, त्यावर एक केसभरही नको.

जागा शोधायला तारा लावूनच ठेवायच्या, सुरात आणायच्या, आणि बोटाने दोन्ही तारा हलक्या दाबत मागेपुढे सरकायचं, जिथे झणझण जाते तिथे पेन्सिलने खूण. स्क्रू बरोबर दोन तारांच्या मधोमध यायला हवा, नाहीतर तारा आडव्या ओढल्या जाऊन खाचेच्या एकाच भिंतीला घासतात. मग तारा ढिल्या करून बाजूला घ्यायच्या आणि स्क्रूच्या आट्यांपेक्षा बारीक ड्रिलने भोक पाडायचं. हेडस्टॉक जेमतेम 14 मिमीच्या आसपास जाड असतो, म्हणून ड्रिलला हव्या त्या खोलीवर टेप गुंडाळायची, आरपार गेलं की संपलंच. स्क्रूला थोडा साबण चोळा, मेपल कडक असतं आणि या चिमुकल्या स्क्रूंची डोकी पटकन तुटतात. ट्री फारच खाली बसत असेल तर त्याच्याखाली छोटी नळी घालून उंच करता येतो.

घर्षण कमी करायला रोलरवाले आणि ग्राफाइटचे ट्री मिळतात. ट्रीच नको असेल तर उतरत्या उंचीचे पेग लावतात, लांबच्या तारांचे खांब (तार गुंडाळायचा पेगचा भाग) बुटके, त्यामुळे कोन आपोआप मिळतो. तिसरी तार एकटीच कुरकुरत असेल तर भोक पाडायच्या आधी तिला खांबावर वरून खाली दोनतीन वेढे जास्त देऊन बघा, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. फ्लॉइड रोझ या ट्रेमोलो प्रकारात तारा स्क्रूने आवळून धरणाऱ्या लॉकिंग नटमागे सहाही तारांवरून जाणारी एक आडवी पट्टी असते, तीही याचीच भावंडं, फक्त तिचं काम नट आवळताना सूर चढू नये हे पाहणं.