धूमकेतूच्या केंद्रकाचं माप: उजेडावरून आणि उष्णतेवरून

‘हबलने 137 किलोमीटरचा धूमकेतू मोजला.’ बर्नार्डिनेली-बर्नस्टीन धूमकेतूबद्दल हे वाक्य 2022 पासून इतक्या वेळा वाचलंय की आता चीड येते. 137चा आकडा मुळात चिलीतल्या आल्मा दुर्बिणीचा. हबलने सांगितलं ते वेगळंच, आणि तेही तितकंच कामाचं.

आधी सोपा गोंधळ उरकून टाकू. केंद्रक म्हणजे बर्फ-धुळीचा घट्ट गोळा आणि कोमा म्हणजे त्याभोवतीचा वायू-धुळीचा विरळ पसारा. 2007 साली होम्स धूमकेतूचा कोमा सूर्यापेक्षा मोठा झाला होता, आत केंद्रक होतं जेमतेम साडेतीन किलोमीटरचं. 3आय/अ‍ॅटलास या सूर्यमालेबाहेरून आलेल्या धूमकेतूबाबतही तेच झालं. सगळा उजेड केंद्रकाचाच धरला तेव्हा व्यास 20 किलोमीटरच्या घरात गेला. जुलै 2025मध्ये हबलने कोम्याचा उजेड वजा करून पाहिल्यावर तो जास्तीत जास्त 5.6 किलोमीटर निघाला, कदाचित 320 मीटरच असेल. बातम्यांतून हा ‘जास्तीत जास्त’ हमखास गळतो!

खरी मेख पुढे आहे. कोमा अगदी नीट वजा झाला, केंद्रकाचा उजेड हाती लागला, तरी व्यास मिळत नाही. उजेडात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: पृष्ठभाग केवढा, आणि तो किती टक्के प्रकाश परत फेकतो. लांबून बॅटरी मारली तर स्टीलची वाटी आणि काळाकुट्ट मोठा तवा सारखेच उजळ दिसू शकतात. आकड्यांत पाहा: 4 टक्के प्रकाश परावर्तित करणारं 10 किलोमीटरचं केंद्रक, 16 टक्केवालं 5 किलोमीटरचं आणि 1 टक्कावालं 20 किलोमीटरचं, ही तिन्ही दुर्बिणीला सारखीच तेजस्वी दिसतील. म्हणून मग 4 टक्के ‘गृहीत’ धरतात. गृहीतक बरं आहे. मार्च 1986मध्ये जिओटो यान हॅलेजवळून गेलं तेव्हा त्याचं 15 किलोमीटर लांबीचं केंद्रक कोळशासारखं काळं निघालं, परावर्तन सुमारे 4 टक्के. पण गृहीत धरलेलं आणि मोजलेलं एकाच पंगतीला बसवू नये.

उष्णतेचं गणित इथेच वेगळं पडतं. 4 टक्के परत फेकले तर 96 टक्के शोषले जातात. 16 टक्के फेकले तरी 84 उरतात. परावर्तन चौपट झालं, पण शोषलेल्या उष्णतेत फरक फक्त आठव्या हिश्श्याचा. हीच उष्णता केंद्रक अवरक्त आणि मिलिमीटर लहरींतून बाहेर टाकतं, त्यामुळे ती मोजली की रंगाची फारशी पर्वा न करता आकार हाती येतो. बर्नार्डिनेली-बर्नस्टीनबाबत आल्माने ऑगस्ट 2021मध्ये हेच केलं, तेही धूमकेतू सूर्यापासून पृथ्वीच्या वीसपट लांब, उणे 200 अंशांच्याही खाली गारठलेला असताना. मग जानेवारी 2022मध्ये हबलने उजेड मोजला. दोन्ही जोडल्यावर समजलं की पृष्ठभाग जेमतेम 3 टक्के प्रकाश परत पाठवतो.

मला विचाराल तर एकच माप निवडायचं झाल्यास मी उष्णतेचं घेईन. अर्थात तेही निर्दोष नाही. कोम्यातली धूळही उष्णता फेकते. आल्माच्या नोंदीत तिचा वाटा असेल तर व्यास 137वरून 119 किलोमीटरवर येतो, हे हबलच्या संशोधकांनीच लिहिलंय. म्हणजे ‘119 की 137’ हे दोन दुर्बिणींचं भांडण नव्हे, धुळीचा हिशेब आहे.

जाता जाता: त्रिज्या आणि व्यास यांची अदलाबदल करणाऱ्यांना माफी नाही. आणि ‘व्यास’ म्हणजे तेवढ्याच पृष्ठभागाच्या काल्पनिक गोलाचा व्यास. 67पी या धूमकेतूला हबलने 2003मध्ये साधारण 5 बाय 3 किलोमीटरचा लांबट गोळा ठरवलं होतं. 2014मध्ये रोझेटा यान जवळ गेलं तर समोर दोन गोळे मानेने जोडलेले.