कूपरेज ते राष्ट्रीय संघ: खालिद जमील यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

1 ऑगस्ट 2025 रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची नियुक्ती जाहीर केली. या पदासाठी दीडशेहून अधिक अर्ज आले होते आणि अखेरच्या तिघांत जमील यांच्यासोबत स्टीफन कॉन्स्टंटाइन व स्टेफान तारकोविच हे दोन परदेशी प्रशिक्षक होते. 2011-12 मध्ये गोव्याच्या सावियो मेडेरा यांनी हे पद सांभाळले होते, त्यानंतर ते पूर्णवेळ भारतीय माणसाकडे आलेच नव्हते. जमील यांची निवड का झाली आणि त्यांचा संघ असा का खेळतो, हे समजून घ्यायचे तर मुंबईतल्या काही क्लबांकडे वळावे लागते. त्यांतील बहुतेक क्लब आज राष्ट्रीय पातळीवर कुठेच दिसत नाहीत.

जमील यांचा जन्म 1977 मध्ये कुवेतमध्ये एका भारतीय कुटुंबात झाला. आखाती युद्धानंतर हे कुटुंब भारतात परतले आणि जमील यांचे फुटबॉल मुंबईत रुजले. त्या काळात मुंबईच्या फुटबॉलचा डोलारा कंपन्यांच्या संघांवर उभा होता. महिंद्र, एअर इंडिया आणि ओएनजीसी या संघांनी अनेक खेळाडूंना स्थैर्य दिले आणि कूपरेजच्या मैदानावरील स्पर्धा जिवंत ठेवल्या. जमील 1997 मध्ये महिंद्रमधून पुढे आले, वर्षभरात एअर इंडियात गेले आणि 2002 मध्ये पुन्हा महिंद्र युनायटेडमध्ये परतले. ते मधल्या फळीत खेळत आणि भारतीय संघाकडूनही मैदानात उतरले. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्रने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या कंपनी फुटबॉलचा तो सर्वांत उंच क्षण होता. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांनी जमील यांना बोलावले होते, पण त्यांच्या जर्सीवर मद्य कंपन्यांची नावे असल्यामुळे त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते. देशातले सर्वाधिक प्रेक्षक आणि सर्वाधिक पैसा त्या शहरात असताना घेतलेला हा निर्णय त्यांच्या स्वभावाबद्दल पुष्कळ काही सांगून जातो.

पुढे दुखापतींनी घेरले. 2007 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसी या नव्या क्लबमध्ये ते खेळाडू म्हणून दाखल झाले खरे, पण तिथे त्यांची खरी कारकीर्द घडली ती मैदानाच्या कडेला. 2009 मध्ये, वयाच्या बत्तिशीत, ते प्रशिक्षणाकडे वळले आणि 2016 पर्यंत मुंबई एफसीचाच संघ सांभाळत राहिले. ही सात वर्षे माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहिताना नेमकी हीच वर्षे दोन ओळींत उरकली जातात. संघाकडे मोठी नावे नव्हती, खर्चाला मर्यादा होती, कूपरेजच्या दुरुस्तीच्या काळात घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागत होते, आणि दर हंगामात पहिले उद्दिष्ट एकच असे, ते म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग असलेल्या आय-लीगमधून खाली न घसरणे. अशा संघाला चेंडू सतत आपल्या ताब्यात ठेवण्याची चैन परवडत नाही. दोन फळ्यांमधले अंतर कमी ठेवायचे, बचाव घट्ट करायचा, प्रतिस्पर्ध्याला वाट पाहायला लावायचे आणि फ्री किक, कॉर्नर किंवा एखाद्या वेगवान प्रतिहल्ल्यातून गोल मिळवायचा, हा जमील यांचा खाक्या तिथेच तयार झाला. या शैलीला बचावात्मक म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की जमील असेपर्यंत मुंबई एफसी खाली घसरली नाही, आणि ते गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात घसरली. त्याआधी 2010 मध्ये महिंद्र युनायटेडने गाशा गुंडाळला होता, आणि 2013 मध्ये क्लब परवान्याच्या नियमांमुळे एअर इंडिया व ओएनजीसी आय-लीगबाहेर गेले होते. ज्या व्यवस्थेने जमील यांना घडवले, ती अशी त्यांच्या डोळ्यांदेखत विरत गेली.

मुंबईने सोडलेला प्रशिक्षक मिझोरमने उचलला. आयझॉल एफसी 2015-16 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडली होती, पण गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतल्यामुळे तिला पुन्हा जागा मिळाली. जमील यांनी मुंबईतले ओळखीचे खेळाडू सोबत नेले. त्यांत मुंबईचाच जयेश राणे होता आणि बचावात आशुतोष मेहता होता. मधल्या फळीची सूत्रे सीरियाच्या महमूद अल-अमना याच्याकडे होती, आणि त्यांच्याभोवती धावायला न थकणारी मिझो मुले होती. अखेरून दुसऱ्या सामन्यात आयझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 ने हरवले, तो गोल बचावपटू झोमिंगलियाना राल्टेने उत्तरार्धात बऱ्याच उशिरा हेडरने केला. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये शिलाँग लाजोंग क्लबविरुद्ध विजेतेपदासाठी बरोबरी पुरेशी होती. सुरुवातीलाच लाजोंगच्या दिपांडाने गोल करून आयझॉलला मागे टाकले आणि तिथून जवळजवळ तासभर हा चषक निसटतो की काय, अशी स्थिती होती. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. आयझॉलचे 37 गुण झाले, मोहन बागानचे 36. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि भारतीय क्लब फुटबॉलमध्ये याहून मोठा पराक्रम कुणा प्रशिक्षकाने केला असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर कोलकाता झाले, पण ते फळले नाही. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम आणि मोहन बागानमध्ये काही महिने, एवढाच तो मुक्काम. इंडियन सुपर लीगमध्ये तर मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची जवळजवळ परदेशी लोकांसाठीच राखीव असल्यासारखी होती आणि भारतीय प्रशिक्षकाला सहायकपद किंवा तात्पुरता कार्यभार मिळे. जमील यांनाही नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये तसाच कार्यभार मिळाला. 2020-21 चा हंगाम कोरोनामुळे पूर्णपणे गोव्यात खेळवला गेला. जानेवारीत मुख्य प्रशिक्षक जेरार्ड नूस यांना हटवल्यावर जमील यांनी संघ हाती घेतला, साखळीतल्या उरलेल्या एकाही सामन्यात हार पत्करली नाही आणि संघाला उपांत्य फेरीत नेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते या लीगमधले पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. पुढचा हंगाम फसला, तरी 2023 च्या अखेरीस जमशेदपूरने त्यांना बोलावले, आणि 2024-25 मध्ये जमशेदपूर लीगच्या उपांत्य फेरीत व सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे एफसी गोवाने त्यांना 3-0 ने हरवले. महासंघाने त्यांना लागोपाठ दोनदा वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवले.

राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला तो आधीचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्यानंतर, आणि तेव्हा 2027 च्या आशियाई चषकाची पात्रता आधीच अडचणीत होती. बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार, यामुळे दोन सामन्यांत एकच गुण खात्यात होता. जमील यांची सुरुवात मात्र उत्साह वाढवणारी झाली. ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तानात झालेल्या काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेत भारताने यजमान ताजिकिस्तानला 2-1 ने हरवले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. त्या स्पर्धेत सुनील छेत्री नव्हता, ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्धच्या दोन सामन्यांसाठी त्याला परत बोलावले गेले. पहिल्या सामन्यात सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी, रहीम अलीच्या अगदी शेवटच्या मिनिटांतल्या गोलने 1-1 अशी बरोबरी मिळाली. 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियनझुआला छांगतेने सुरेख गोल करून आघाडी दिली, पण मध्यंतराच्या तोंडावर आणि पुन्हा उत्तरार्धात सिंगापूरच्या सोंग उई-योंगने गोल केले आणि 1-2 अशा पराभवासह भारताचे पात्रतेचे स्वप्न संपले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही 1-0 ने हरवले.

मुंबईत आणि आयझॉलमध्ये जमील यांनी जे साधले, ते रोजच्या सरावातून आणि त्याच त्या खेळाडूंना महिनोन्‌महिने घासूनपुसून साधले होते. राष्ट्रीय प्रशिक्षकाला असा वेळ मिळत नाही. 2025-26 मध्ये तर व्यावसायिक करारांच्या गोंधळामुळे इंडियन सुपर लीगच वेळेवर सुरू झाली नाही, आणि नव्या प्रशिक्षकाच्या हाती आलेले अनेक खेळाडू पुरेशा सामन्यांविना शिबिरात दाखल होत होते.