रंग पातळ हवा की घट्ट? उतारवयातल्या मनासाठी कलोपचार

सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर फुलपाखरांची छापील रंगभरण वही ठेवली, तर बहुतेक वेळा ती थोड्याच वेळात बाजूला सरकते. तो त्या माणसाचा हट्टीपणा नसतो. चित्र लहान मुलांचं आहे, आकार आधीच ठरलेले आहेत आणि हात थरथरत असेल तर रेषेबाहेर गेलेला प्रत्येक फटकारा ते चारचौघांत दाखवून देतो. निवृत्ती, आजारपण किंवा जोडीदाराचं जाणं यांमुळे आयुष्यातले निर्णय एकेक करून इतरांच्या हाती गेलेले असतात. ‘कोणता रंग, किती, कुठे’ हे स्वतः ठरवण्यात कलोपचाराची खरी ताकद आहे, आणि रंगभरण वहीत नेमकं तेच उरत नाही.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ मध्ये ब्रिटिश चित्रकार अॅड्रियन हिल यांनी रूढ केला. क्षयरोगावर उपचार घेताना सॅनेटोरियममध्ये ते स्वतः चित्रं काढत होते आणि पुढे इतर रुग्णांनाही काढायला लावू लागले. वृद्धांबाबतचा जर्मनीत झालेला एक नेमका अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकत्याच निवृत्त झालेल्या २८ जणांचे दोन गट केले. एका गटाने दहा आठवडे स्वतः चित्रं काढली, दुसऱ्याने तेवढेच आठवडे संग्रहालयात चित्रं पाहून त्यांवर चर्चा केली. स्वतः काढणाऱ्यांच्या मेंदूत, स्वस्थ बसलेलं असताना कामात असणाऱ्या जाळ्यातल्या जोडण्या वाढलेल्या दिसल्या. नुसत्या पाहणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. गट लहान होता, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. ‘४५ मिनिटं चित्र काढलं की ताणाचं संप्रेरक उतरतं’ हे वाक्य तर फारच जपून वापरावं. ते ज्यावर उभं आहे त्या २०१६ च्या अभ्यासात ३९ निरोगी प्रौढ होते, त्यांत कोणीही साठीपुढचं नव्हतं आणि तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता.

आता मुख्य मुद्दा: सामान. १९७८ मध्ये कॅगिन आणि लुसब्रिंक या दोन अभ्यासकांनी मांडलेला विचार आजही रोजच्या कामात उपयोगी पडतो. सामान घट्ट असेल, हाताला विरोध करत असेल, तर ताबा आपल्याकडे राहतो आणि डोकं विचारात गुंततं. सामान पातळ, वाहतं झालं की ताबा सुटतो आणि भावना वर येतात. पेन्सिल, कात्रणं, घट्ट माती हे एक टोक. ओल्या कागदावर सोडलेला जलरंग आणि बोटांनी पसरलेला रंग हे दुसरं. ऑइल पेस्टल आणि मऊ माती या दोन टोकांच्या मधे कुठेतरी. औषधाची मात्रा ठरवावी तसं पाण्याचं प्रमाण ठरवायचं असतं.

म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी पती गेलेल्या बाईंना पहिल्याच दिवशी ओला कागद आणि निळा रंग देऊ नये. रंग पसरतो, थांबवता येत नाही आणि आवरून धरलेलं सगळं एकदम बाहेर येतं. रडण्यात वाईट काहीच नाही, पण अनोळखी सात जणांसमोर तसं झालं तर त्या पुन्हा येत नाहीत. सुरुवात जुन्या मासिकांच्या कात्रणांनी करावी, तिसऱ्या-चौथ्या बैठकीत ऑइल पेस्टल आणावेत, जलरंग नंतर. याउलट कोणी आल्या आल्या पट्टी आणि खोडरबर मागत असेल, चुकेल या धास्तीने कागदाला हातच लावत नसेल, तर स्पंज भिजवून द्यावा. स्पंजाने सरळ रेष कोणालाच येत नाही, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच मिटतो. उदास, थकलेल्या माणसाला मोठा कोरा कागद अंगावर येतो. त्याला ए-४ चा अर्धा कागद द्यावा आणि त्यावर आधीच एक डाग किंवा एक वाकडी रेष असू द्यावी. पुढे काय करायचं ते त्याने ठरवायचं.

कोणी भावनेच्या भरात वाहून चाललं, तर समजुतीच्या गोष्टी सांगण्याआधी पाणी बाजूला घ्यावं. कागद टिपकागदाने कोरडा करावा, हातात जाड पेन्सिल द्यावी आणि चित्राभोवती दोन सेंटिमीटरची चौकट काढायला सांगावी. कडा आखताना लक्ष हातावर येतं, श्वास संथ होतो, मग बोलणं सोपं जातं.

बऱ्याच बैठका मनापर्यंत पोचतच नाहीत, कारण त्या डोळ्यांत आणि बोटांत अडकतात. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे निळा आणि हिरवा, जांभळा आणि गडद निळा यांत घोटाळा होतो. फिकट पिवळा तर पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. म्हणून चोवीस रंगांच्या डबीपेक्षा सहा ठळक, एकमेकांपासून लांबचे रंग द्यावेत आणि कागदाखाली गडद रंगाचा टेबलक्लॉथ घालावा, म्हणजे कागदाची कड कळते. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या डावीकडून उजेड यावा. चकचकीत सनमायका उजेड परत डोळ्यांत फेकतो, तो झाकलेला बरा.

सांधे दुखत असतील तर बारीक ब्रश हा छळ आहे. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम दहा सेंटिमीटर कापून ब्रशच्या दांड्यावर बसवावा. मूठ जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात. हात थरथरत असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतचा सगळा हात टेबलावर टेकलेला हवा, कागद चारही कोपऱ्यांत चिकटपट्टीने बांधलेला हवा आणि काम ठसे, स्पंज किंवा फाडलेल्या कागदाचं हवं. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार हेन्री मातिस यांना उभं राहून रंगवणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापून चित्रं करायला सुरुवात केली. त्यांची काही सर्वांत ताजी चित्रं त्या काळातली आहेत.

शाडूची माती आपल्याकडे सहज मिळते आणि ती फार गुणाची आहे. एकाला २५० ग्रॅमचा गोळा पुरतो. थंड मातीने सांधे आखडतात, म्हणून कोमट पाण्यात मळून ओल्या फडक्यात ठेवावी. जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास राहिली तर वाळताना तडे कमी जातात. टेबलावरची वाळलेली माती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती बारीक धूळ दमेकऱ्यांना त्रास देते. रांगोळीचंही तेच. पण स्मृतिभ्रंश असलेल्या बायकांसाठी ठिपक्यांच्या रांगोळीला तोड नाही. नातवाचं नाव आठवत नाही, पण चिमटीतून धार सोडणारी बोटं चुकत नाहीत, कारण हाताच्या सवयींची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांत असते आणि अल्झायमरमध्ये ती बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. जमिनीवर वाकायला लावू नये. काळा रंग दिलेली दोन फुटांची फळी टेबलावर ठेवावी, पाच बाय पाच ठिपके पुरे. धुळीचा त्रास असेल तर त्याच फळीवर खडूने काढावी.

स्मृतिभ्रंश असेल तिथे एक अपघात हमखास होतो: ब्रश धुण्याचं पाणी चहा समजून पिणं. विटकरी रंगाचं पाणी आणि काचेचा ग्लास, चूक होणारच. पाणी पसरट, जड, चहाशी साधर्म्य नसलेल्या भांड्यात ठेवावं, खरा चहा रंग पूर्ण आवरल्यावरच आणावा आणि सगळं सामान बिनविषारी घ्यावं. माती तोंडात घालण्याची सवय असेल तर हळद घालून मळलेली कणीक द्यावी. पण गिळायला त्रास होत असेल तर तीही घशात अडकू शकते, शेजारी माणूस बसलेला हवाच.

एका बैठकीला सहा ते आठ माणसं आणि दोन मदतनीस असावेत, वेळ तासभर, शक्यतो सकाळची. पहिली दहा मिनिटं हात मोकळे करणं, मग पस्तीस-चाळीस मिनिटं काम, उरलेल्या वेळात चित्र हातभर लांब ठेवून पाहणं. ‘हे काय काढलंय?’ असं विचारू नये. उत्तर सुचलं नाही तर ती परीक्षा होते. नुसतं ‘छान, छान’ही कामाचं नाही. जे दिसतंय ते बोलावं: “काकू, हा लाल तुम्ही तीन ठिकाणी घेतलाय.” मग त्या स्वतःच सांगू लागतात, किंवा गप्प बसतात. दोन्ही चालतं. मदतनिसाने दुसऱ्याच्या कागदावर ब्रश चालवायचा नाही, हा नियम मात्र कडक पाळावा. ‘थोडं नीट करून देते’ म्हणत मारलेला एक फटकारा त्या चित्रावरचा मालकी हक्क काढून घेतो.

प्रत्येक चित्रामागे तारीख लिहून फाइल ठेवावी. काळा रंग म्हणजे नैराश्य, एकटं झाड म्हणजे एकटेपणा, असले अर्थ लावू नयेत. त्यांना भक्कम आधार नाही. पाहायचं ते वेगळं. नेहमी पूर्ण कागद भरणारा माणूस अचानक कागदाची डावी बाजू कोरी सोडू लागला, तर मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. अक्षर आणि आकार महिनोन्महिने बारीक होत चालले असतील तर पार्किन्सनच्या तपासणीसाठी न्यावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, बोलणं आटलं असेल किंवा ‘आता जगून काय करायचं’ अशी भाषा आली असेल, तर चित्रांच्या भरवशावर थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं आणि लगेच कोणाशी बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फिरवावा. उपचार सुरू झाले तरी रंगांची बैठक बंद करण्याचं कारण नाही, दोन्ही एकत्र चालतात.