रोटी घाटातली वाईन आणि नारायणगावचा विसरलेला भाग

पाटसवरून बारामतीकडे वळलं की रोटी घाट लागतो, तुकोबांची पालखी जाते तोच, आणि तिथेच फोर सीझन्सची वायनरी आहे. पुण्याहून वीकेंडला माणसं जातात, बाग फिरतात, टाक्या बघतात, टेबलावर ओळीने मांडलेल्या ग्लासातली वाईन चाखतात आणि येताना गाडीत हमखास कोणीतरी म्हणतंच की हे सगळं नाशिकचं बघून सुरू झालं. मला ते मनाला लागतं, कारण नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली २००० साली आणि त्याच्या दीड दशक आधी आपल्या जुन्नर तालुक्यात वाईन बनत होती.

तसं बारामतीचं नाव त्याहूनही जुनं आहे. इंग्रजांच्या काळात काश्मीर, सुरत आणि बारामतीकडे वाईनसाठी द्राक्षं लावली गेली, १८८३ च्या कलकत्त्याच्या प्रदर्शनात भारतीय वाईन मांडली तेव्हा लोकांना ती आवडलीही होती. मग फायलोक्सेरा आला, ही मुळांवरची कीड, बागाच्या बागा बसल्या. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि द्राक्षं म्हणजे फक्त खायची, हेच आपल्या डोक्यात बसलं.

१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातल्या याच नारायणगावला शातो इंडाज ही वाईन कंपनी उभी केली. तमाशापंढरी म्हणून ओळखलं जाणारं गाव, आणि तिथे फ्रान्सच्या पायपर हाइडसिक या शॅम्पेन कंपनीची तांत्रिक मदत घेऊन शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाईन! ओमर खय्याम नावाने ती परदेशात जायची. हे काम किती नाजूक आहे बघा, वाईन बाटलीत भरून तिच्यातच पुन्हा आंबवायची, मग बाटल्या तोंड खाली करून तिरक्या ठेवायच्या आणि थोड्या थोड्या फिरवत राहायच्या, म्हणजे गाळ मानेशी येऊन बसतो, मग फक्त मान गोठवून बूच उघडलं की आतल्या दाबाने गाळाचा बर्फ फटकन बाहेर पडतो. पुढे ही कंपनी कर्जात गेली आणि बंद पडली, पण इथल्या द्राक्षाची चांगली वाईन होते हे तिने दाखवून दिलं होतं.

बाकी जोर आला तो २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने. करात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, पाठोपाठ रोटीला फोर सीझन्स काढणारा यूबी ग्रुप आला, अकलूजकडे फ्रातेल्ली ही वाईन कंपनी आली.

आता बागेत गेलात तर छाटणीबद्दल नक्की विचारा. युरोपात थंडीत वेल झोपते, म्हणून वर्षातून एकच छाटणी पुरते. आपल्याकडे ती झोपतच नाही, त्यामुळे उन्हाळ्यात खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरता सरता दुसरी छाटणी घ्यायची, पीक मात्र एकदाच, साधारण जानेवारी ते मार्च. खाण्याच्या द्राक्षाचं हे गणित आपल्या बागायतदारांना तोंडपाठ आहे, पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे, त्यामुळे वाईनच्या जातींना सुरुवात शून्यापासून करावी लागली नाही. माझ्या मते पुण्याची खरी ताकद हीच.

जायचं तर फेब्रुवारीत जा, तोडणी चालू असताना. परवानगी घेऊन शिराझ या वाईनच्या जातीचा एक मणी तोंडात टाका. थॉम्पसन या खायच्या द्राक्षापेक्षा लहान, साल जाड, आत बिया, आणि तरी गोडी इतकी की बोटं चिकट होतात. ही सगळी साखर पुढे टाकीत अल्कोहोल होते. बी चावून बघा, तपकिरी आणि कुरकुरीत लागली तर घड पिकलाय, हिरवी आणि तुरट लागली तर अजून थोडे दिवस आहेत.